पूर्वेकडच्या सहा ओळी

३ ऑगस्ट, रविवार

मामी हो म्हणाली! एका शब्दात!

लालबागच्या घरापासून मामाच्या निंबोल्यापर्यंत अख्खी बसभर मी पॉइंट्स पाठ करत गेले होते, आणि त्यातला एकसुद्धा सांगावा लागला नाही.

नीट लिहून ठेवते, नंतर प्रूफ लागेल. भूपेंद्रमामाने मागच्या जुलैत लावलेली केळी. फेब्रुवारीत मामा गेला – शेतातच, ठिबकचा कॉक फिरवता फिरवता. (हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो.) घड मागच्या आठवड्यात कापून ट्रकने गेले. आता प्रत्येक जुन्या झाडाच्या बुडाशी एक पील उभं आहे, माझ्या कमरेइतकं. पुढचा घड ह्या पिलालाच येणार. ह्याला पिलबाग म्हणतात. आणि त्या बिचाऱ्या पिलाच्या डोक्यावर जुन्या झाडाचा खांब, म्हणजे बुंधा! घड गेला, काम संपलं, तरी उभा. वरून पानं लोंबतायत, सगळी सावली पिलावर. फोटोसिंथेसिसचा चॅप्टर मला तोंडपाठ आहे यार. लाइट कमी तर शुगर कमी, शुगर कमी तर ग्रोथ कमी. सिंपल.

मी म्हटलं, मामी, जुने खांब बुडापासून तोडू, शेताबाहेर काढू, पिलांना फुल ऊन मिळू दे.

मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोड. सगळेच तोड."

आडवे आले कडूबाबा. मामाकडे पंचवीस वर्षं काम करतायत. "माह्याच्यानं नाही होणार," बोलले. "त्याचं काम अजून सरलं नाही."

कोणतं काम?

"ते माले नाही सांगता येत बाई. पण भूपेंद्रभाऊ ठेवे ना दिवाळीपर्यंत उभे."

बस. म्हणजे रीझन काहीच नाही, फक्त सवय! खूप वेळ घासाघीस झाली. शेवटी पूर्वेकडच्या सहा ओळी माझ्या, बाकी शेत त्यांच्या पद्धतीने. म्हणजे मला कंट्रोल ग्रुप फुकटात मिळाला.

हे सगळं करण्याचं खरं कारण वेगळं आहे. थोरले मामा, म्हणजे योगेंद्रमामा, शाहपुरला असतात, आणि दर भेटीत म्हणतात की एकट्या बाईच्याने केळी होत नाही, शेत बटाईने, म्हणजे वाट्याने, दुसऱ्याला कसायला देऊन टाका. मामीला त्यांनी संक्रांतीपर्यंतचा टाइम दिलाय. तोपर्यंत पिलबाग उभी राहिली तर ठीक, नाही तर ते माणूस आणणार. मामीला मूलबाळ नाही. मामाने हाताने लावलेली ही शेवटची बाग. ती दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायची नाही. बस!

१० ऑगस्ट, रविवार

तोडले. तीनशे बावन्न खांब.

कडूबाबांनी कोयत्याला हात लावला नाही. मी गावातली दोन माणसं आणली. एकेक खांब इतका जड की दोघांनी मिळून ओढायचा. कापला की आतून पाणी नुसतं वाहत होतं, बादलीभर तरी! सगळे ओढत नेऊन नाल्याच्या काठावर टाकले. शेत एकदम स्वच्छ. पिलांवर ऊन पडलं तेव्हा सच्ची, मला रडूच आलं.

मामी बांधावर उभी होती. मामा गेल्यापासून ती बांधाच्या आत पाऊल टाकत नाही. पण आज पहिल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत हलली नाही. जेवायलाही गेली नाही. मला बरं वाटलं, तिला इंटरेस्ट येतोय.

येताना दोन छोटी पिलं घरी आणली. गच्चीवर ठेवणार. एक मामाच्या शेतातल्या मातीत, एक नुसत्या तापीच्या रेतीत – रेती पाच पाण्यांनी धुऊन, म्हणजे तिच्यात काहीच उरणार नाही. दोघांना सेम ऊन, सेम पाणी. कडूबाबांना फोटो दाखवणार की बघा, झाड लाइटवर वाढतं, माती फक्त उभं राहायला.

११ ऑगस्ट

केळीचा चीक युनिफॉर्मला लागला. आई म्हणाली, हा डाग जन्मात जात नाही. मग म्हणाली, "माझ्या भावाचे सगळे शर्ट असेच होते." मग चुपचाप कुकर लावायला गेली.

२४ ऑगस्ट, रविवार

माझ्या ओळींत दोन नवीन पानं! बाकीच्यांतही दोन. म्हणजे टाय. पण माझी पिलं ताठ दिसतात, उन्हात चमकतात. गच्चीवरची दोन्ही पिलंही खूश.

मामी विचारत काहीच नाही. मी सांगते, ती "हं" म्हणते. पोळी वाढते. स्वतःच्या ताटात अर्धी.

१४ सप्टेंबर, रविवार

काहीतरी गडबड आहे.

टेपने मोजलं, तीनदा मोजलं. खांबवाल्या ओळींतली पिलं माझ्या खांद्याला लागतात. माझ्या सहा ओळी अजून छातीच्या खाली. नवीन पान आलंय पण अरुंद, वहीच्या पानासारखं फिकट. आणि खालची पानं टोकाकडून पिवळी – नारिंगी म्हणावी अशी पिवळी.

पाणी सेम. ऊन तर माझ्याकडे जास्त! मग?

कडूबाबा नुसते ठिबकची नळी बघत पुढे गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर

गच्चीवर आज नीट बघितलं. रेतीतलं पील पिवळं पडलंय. मातीतलं हिरवंगार. दोघांवर सेम ऊन.

मी जेवले नाही.

१७ सप्टेंबर

बायोच्या मॅमना विचारलं. त्या म्हणाल्या, हे मिनरल न्यूट्रिशन, तो चॅप्टर आता आपल्या पुस्तकात नाही, कमी केला, परीक्षेला येणार नाही.

मी म्हटलं, मॅम, शेतात आलाय.

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

२० सप्टेंबर

समोरच्या निशादीदीचं जुनं अकरावीचं पुस्तक मिळालं. तिच्या वेळी चॅप्टर होता. दोनदा वाचला. आता माझ्या शब्दांत लिहिते, कारण पुस्तकाच्या शब्दांत मी एकदा फसले आहे.

ऊन, पाणी, हवा – ह्यातून पान शुगर बनवतं. इथपर्यंत मला येत होतं. पण शुगर म्हणजे झाड नव्हे. पानातलं जे हिरवं ऊन पकडतं, ते हिरवंच बनायला नायट्रोजन लागतो, मॅग्नेशियम लागतं. मूळ फुटायला फॉस्फरस. पानात बनलेली शुगर इकडून तिकडे न्यायला पोटॅशियम, आणि केळीला ते सगळ्यात जास्त. ह्यातलं काहीही उन्हात नसतं. सगळं मुळांतून येतं. लाइट म्हणजे चूल. मी चूल धडाधडा पेटवली आणि कणकेचा डबा उचलून नाल्यावर फेकून आले.

कारण डबा तो खांबच होता! घड गेल्यावरही आई-झाडाच्या खांबात पाणी असतं, पोटॅशियम असतं, नायट्रोजन असतो. खाली जमिनीत खांब आणि पील एकाच कंदाला जोडलेले. खांब हळूहळू सुकत जातो, आणि त्याच्यातलं उतरत उतरत पिलात जातं. म्हणून दिवाळीपर्यंत उभा ठेवायचा. "त्याचं काम अजून सरलं नाही."

कडूबाबांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही कारण ते चॅप्टरमध्ये नव्हतं.

अजून एक लिहिलं आहे पुस्तकात. झाडाला कमी पडलं की ते जुन्या पानांतलं काढून नव्या पानाला देतं. म्हणून पिवळी पहिली जुनी पानं होतात. माझ्या ओळींतली पिलं गेले पाच आठवडे स्वतःचीच पानं खाऊन जगतायत.

तीनशे बावन्न. हा नंबर मीच अभिमानाने लिहिलाय वर.

२१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं. बसमध्ये पाठ केलेलं काही आठवलं नाही. मामीला म्हटलं, मी चूक केली, तुझी बाग मी बिघडवली. मामीने कपात चहा ओतला. मग म्हणाली, "चहा घे."

कडूबाबा बाहेरून – "मंग? सापडलं का इंग्लिशमधी लिहेल?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "लिहेल असन तर बरोबरच असन." आणि मोठ्याने हसले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

मग त्यांनी मला गोडाऊनमध्ये नेलं. खताच्या गोण्या. मामाने जानेवारीत आणून ठेवलेल्या, एकीचीही शिलाई उसवलेली नाही! म्हणजे मामा गेल्यापासून ठिबकमधून नुसतं पाणी जातंय. घड मोठे झाले ते मामाने आधी दिलेल्या खतावर. एका पिकाने जमिनीतलं ओढून घेतलं, आणि पिलांना खांबांशिवाय दुसरा आधारच नव्हता.

मामीला कुणी सांगितलं नाही का? कडूबाबांना विचारलं. ते विडी शोधत राहिले. "दोन-तीनदा सांगितलं," एवढंच बोलले.

बिचारी मामी. तिला त्या वेळी कुठे सुचणार होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

नाल्यावरचे खांब परत आणायचे! जाड-बारीक तुकडे करायचे आणि सहा ओळींत पिलांभोवती पसरायचे. अर्धे सडलेत, वास मारतायत, पण कडूबाबा म्हणतात सडू दे, सडल्यावरच जमीन खाते. आणि पोटॅश ठिबकमधून, थोडं थोडं, दर आठवड्याला. एकदम दिलं तर मुळं जळतात.

मी एक खांब ओढायला गेले आणि चिखलात आपटले. उठताच येईना. बांधावरून मामी ओरडली, "अगं सोड ते!" मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा पडले.

मग माझ्या बाजूला दोन हात आले. बांगड्या नसलेले. मामीने साडी खोचली होती आणि खांबाचं दुसरं टोक धरलं होतं. "कमरेतून वाक," म्हणाली. "पाठीतून नको उचलू."

ती शेतात आली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा.

कडूबाबांनी बघितलं आणि तोंड फिरवून कॉक तपासायला गेले. कॉक बंदच होता.

५ ऑक्टोबर

नव्वद पिलांभोवती झालं. अंगाला नाल्याचा वास. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

१२ ऑक्टोबर

दोनशे दहा. मामी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने कोयता चालवते! मी म्हटलं, कुठे शिकलीस? "लग्न होऊन आले तेव्हा तुझा मामा चार ओळी करेपर्यंत मी पाच करत होते." मग म्हणाली, "त्याला सांगायची नाही, लाजायचा."

१९ ऑक्टोबर

तीनशे बावन्न. संपले.

पानं अजून पिवळीच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

आई दरवर्षी दोन भावांना ओवाळते. आज निंबोल्याला एकच पाट मांडला. आईच्या हातून सवयीने दोन सुपाऱ्या ठेवल्या गेल्या. दुसरी उचलायला कुणाचा हात होईना. शेवटी मामीने उचलली आणि मुठीत ठेवली.

जेवण झाल्यावर थोरले मामा शेतात जाऊन आले. दारातूनच – "पूर्वेकडचं काय झालं? रोग लागला का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. सगळं सांगितलं. खांब, ऊन, चॅप्टर, सगळं.

थोरले मामा मला रागावले नाहीत. ते वाईट होतं. ते मामीला म्हणाले, "बघितलं वहिनी? सोळा वर्षांच्या पोरीच्या सांगण्यावर बाग तोडली. म्हणून म्हणतो, हे आपल्याच्याने नाही होत. आताच देऊन टाकू, सीझनच्या आधी चांगला माणूस मिळेल."

मामी म्हणाली, "तिचं नाव कशाला घेता? तोड मी म्हटलं होतं."

"पण का?"

मामीने रिकामी ताटं उचलली. मग – "संक्रांत म्हटलं होतं ना भाऊजी तुम्ही? मग संक्रांतीला या."

मी मागच्या ओट्यावर जाऊन रडले. मामी माझं नाव वाचवायला खोटं बोलली असं वाटलं. पण खोटं नव्हतंच ते. म्हणाली तर होतीच.

२ नोव्हेंबर, रविवार

आज बाकीच्या शेतातले खांब काढायचा दिवस. कडूबाबा म्हणाले, "ये, तूच पाड."

मी कोयता मागितला. ते म्हणाले, कोयता कशाला? ढकल.

ढकलला. पडला! एका हाताने. मी उचलला तर सुकलेल्या टोपलीसारखा हलका. आतून पोकळ, जाळी-जाळी, पाण्याचा थेंब नाही. ऑगस्टमध्ये दोन माणसं लागत होती.

आणि शेजारी त्याचं पील, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, काळपट हिरवं.

मी तो खांब हातात घेऊन किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलंय.

९ नोव्हेंबर

पोटॅशचा सातवा डोस. कॉक मामीने फिरवला. तोच कॉक. मी दुसरीकडे बघितलं.

२३ नोव्हेंबर

सहा ओळींत नवीन पान – रुंद! हिरवं! खालची पिवळी गेली ती गेलीच, ती परत हिरवी होत नाहीत. पण नवीन आहे.

२४ नोव्हेंबर

गच्चीवरचं रेतीतलं पील मेलं. त्याला मी मुद्दाम काही दिलं नव्हतं, एक्सपेरिमेंट पूर्ण करायचा म्हणून. शेवटच्या दिवशीही त्याच्यावर फुल ऊन होतं.

असा एक्सपेरिमेंट परत नाही करणार.

२१ डिसेंबर

हाफ-इयरली परीक्षा, म्हणून दोन रविवार गेले नाही. आज मामीचा फोन, तिने स्वतः केलेला! "अशू, तिसऱ्या ओळीतलं शेवटचं माझ्या पदराला लागतंय आता." मी विचारलं, खांद्याला ना? "डोक्यावरच्या पदराला गं."

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

शाळा बुडवली.

थोरले मामा अकराला आले. मामी त्यांच्या पुढे चालत होती, बांधावरून नव्हे, ओळींच्या मधून. मोठ्या शेतात केळफुलं बाहेर पडलीत. ते बघून ते हं-हं करत राहिले. मग पूर्वेकडे. माझ्या ओळींत एकही फूल नाही. उंचीही दीड हात कमी. पण हिरव्या. पूर्ण हिरव्या.

थोरल्या मामांनी एक पान धरलं, उलटं करून बघितलं. त्यांनाही केळी कळते, त्यांच्या वडिलांचंच शेत आहे हे. "हे मेलं होतं," म्हणाले.

कडूबाबा – "मेलं नव्हतं. उपाशी होतं."

"काय ठरवलं वहिनी?"

मामीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "ठेवते," म्हणाली.

ते थोडा वेळ चावत राहिले. "पोटॅश कमी पडलं तर शाहपुरहून पाठवतो," म्हणाले. आणि गाडीकडे गेले.

मी ओरडले नाही. आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण मामी कॉकजवळ एकटी उभी होती, म्हणून नाही ओरडले.

८ फेब्रुवारी, रविवार

उद्या मामाला जाऊन एक वर्ष.

आज माझ्या तिसऱ्या ओळीत पहिलं केळफूल. लालसर जांभळं, खाली वाकलेलं. आईला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा फोटो उघडाच होता आणि ती बघत बसली होती.

८ मार्च, रविवार

फण्या मोजल्या. मोठ्या शेतात नऊ-नऊ, माझ्या ओळींत सात. मी सॉरी म्हटलं, कितव्यांदा कोण जाणे.

मामी म्हणाली, "बावीस वर्षं केळीत काढली मी, अशू. खांब तोडला की पील उपाशी पडतं, हे मला ठाऊक नसेल?"

मला कळलंच नाही काही. मग हो का म्हणालीस?

"बाग मरावी म्हणून. गोण्या पण म्हणूनच उसवल्या नव्हत्या. मेली असती तर भाऊजींना शेत देऊन सुटले असते. मला ती बघवत नव्हती." मग पदराने कोयता पुसला आणि माझ्या हातात दिला. "तू दर रविवारी येत राहिलीस. त्याला मी काय करणार?"

आणि म्हणाली, "घड कापून झाले की एकाही खांबाला हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत."